रवांडा : नकाशावरचा आकार आणि खरे मोजमाप

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशात, आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस रवांडा हा देश आहे. तो इतका लहान दिसतो, की त्याचे नावही त्याच्या सीमेत मावत नाही. ते बहुधा शेजारच्या देशाच्या भूमीवर छापावे लागते. जो देश नकाशावर लहान, तो महत्त्वानेही लहान, असा संस्कार विद्यार्थ्याच्या मनावर नकळत होतो. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

भिंतीवरचे अनेक नकाशे मर्केटरच्या पद्धतीने काढलेले असतात. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये ही पद्धत सिद्ध केली, ती खलाशांसाठी. होकायंत्राची दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग तीत सरळ रेषेने दाखवता येतो. मात्र या सोयीची किंमत क्षेत्रफळाला मोजावी लागते. विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे, तसतसा भूभाग फुगत जातो. ६० अंश अक्षांशावर तो चौपट दिसतो. रवांडा १ ते ३ अंश दक्षिण अक्षांशांच्या दरम्यान असल्यामुळे त्याच्या वाट्याला हा फुगवटा जवळजवळ येतच नाही. आइसलँड प्रत्यक्षात रवांडाच्या सुमारे चौपट आहे. या नकाशावर मात्र तो वीसपटीहून मोठा भासतो. लोकसंख्येचा हिशेब नेमका उलटा आहे. आइसलँडमध्ये चार लाखांच्या आसपास माणसे राहतात, तर २०२२ च्या जनगणनेनुसार रवांडाची लोकसंख्या १ कोटी ३२ लाख आहे.

रवांडाचे क्षेत्रफळ २६,३३८ चौरस किलोमीटर आहे. नुसत्या आकड्याने बोध होत नाही. त्याला ओळखीचे माप लावावे लागते. ज्या कुटुंबांचे मूळ गाव पुणे किंवा सातारा जिल्ह्यात आहे, त्यांना हे माप सहज उमगेल. या दोन जिल्ह्यांचे एकत्रित क्षेत्रफळ २६,१२३ चौरस किलोमीटर भरते आणि २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती. सह्याद्रीच्या कुशीतील या दोन जिल्ह्यांएवढी भूमी आणि जवळजवळ तेवढीच माणसे, असा हा एक स्वतंत्र देश आहे. दर चौरस किलोमीटरला सुमारे ५०० माणसे राहतात. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर इतकी दाट वस्ती असलेला दुसरा देश नाही. ‘हजार टेकड्यांचा देश’ ही त्याची ओळख. त्या टेकड्यांच्या उतारांवर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत केळी, घेवडा, रताळी, चहा आणि कॉफी पिकते. पिढीगणिक वाटण्या होऊन शेताचे तुकडे लहान होत गेले आहेत.

क्षेत्रफळ मोजण्यापेक्षा माणसे मोजणे अवघड असते, कारण मोजणाऱ्याचा हेतू त्या मोजणीत उतरतो. रवांडाने याची फार मोठी किंमत दिली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून हा प्रदेश बेल्जियमच्या ताब्यात गेला. १९३० च्या दशकात बेल्जियन प्रशासनाने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा अशी नोंद सुरू केली. वास्तविक हे सारे लोक एकच किन्यारवांडा भाषा बोलणारे आणि एकाच टेकडीवर शेजारी राहणारे. परंतु कागदावरची नोंद पक्की झाली आणि बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतरही ती टिकली. शाळांतील प्रवेश आणि सरकारी नोकऱ्या तिच्याच प्रमाणात वाटल्या जाऊ लागल्या. एप्रिल १९९४ मध्ये तुत्सींचा संहार सुरू झाला, तेव्हा रस्त्यांवरील नाक्यांवर हेच ओळखपत्र तपासून कोणी जगावे आणि कोणी मरावे हे ठरवले गेले. संहार सुमारे शंभर दिवस चालला.

मृतांचा आकडा सांगताना पुन्हा मोजणीचाच प्रश्न उभा राहतो. १९९१ च्या जनगणनेत तुत्सींची संख्या एकूण लोकसंख्येच्या सुमारे ८ टक्के, म्हणजे सहा लाखांच्या आसपास दाखवली होती. ती खऱ्यापेक्षा कमी असावी, अशी अभ्यासकांना दाट शंका आहे. संख्या कमी दाखवली की शाळेतील आणि नोकरीतील जागाही कमी द्याव्या लागत. शिवाय छळाच्या भीतीने अनेक तुत्सींनी स्वतःची नोंद हुतू म्हणून करून घेतली होती. म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघ सुमारे आठ लाख बळी सांगतो, रवांडाचे सरकार दहा लाखांहून अधिक सांगते, तर काही अभ्यासक किमान पाच लाख म्हणतात. संहार घडला याविषयी शंका नाही. परंतु जिवंतपणी ज्यांची मोजणी प्रामाणिकपणे झाली नाही, त्यांच्या मृत्यूचीही नेमकी मोजणी होऊ शकत नाही.

त्यानंतर ओळखपत्रावरील जमातीची नोंद काढून टाकण्यात आली. जनगणनेतही आज तो प्रश्न विचारला जात नाही. घरात माणसे किती, मुले शाळेत जातात काय, पाणी कोठून येते, हे मात्र विचारले जाते. १९८० च्या दशकात एका स्त्रीला सरासरी आठांहून अधिक मुले होत. आता ते प्रमाण चारच्या आसपास आले आहे. तरीही २००२ मध्ये ८१ लाख असलेली लोकसंख्या वीस वर्षांत पन्नास लाखांनी वाढली. राजधानी किगालीतील गिसोझी येथील स्मारकात अडीच लाखांहून अधिक बळी चिरविश्रांती घेत आहेत. तेथील भिंतीवर त्यांची नावे कोरली जात आहेत. ती यादी अजून पूर्ण झालेली नाही.

नकाशा वाचायला शिकवणे हे शाळेचे काम आहे. त्यावर विश्वास किती ठेवावा, हे शिकवणे शाळा आणि घर या दोहोंचे. मुलांसमोर नकाशा उघडाल तेव्हा सर्वांत लहान दिसणाऱ्या देशावर बोट ठेवावे. त्याचे क्षेत्रफळ आणि लोकसंख्या कोष्टकातून शोधून काढण्यास सांगावे. ते आकडे ओळखीच्या जिल्ह्याशी ताडून पाहावेत. आणि शेवटी एवढेच विचारावे, की ही माणसे कोणी मोजली आणि कशासाठी मोजली? त्या प्रश्नापासूनच भूगोलाचा खरा अभ्यास सुरू होतो.