पानाचा शब्द आणि पंचाचा निवाडा

पत्त्यांचा डाव मांडला कीं तंटा हा आलाच. बदाम-सातमध्यें पान अडवून धरलें म्हणून रुसणारीं भावंडें कोणत्या घरांत नसतील? हार्बर मार्गावरील लोकलच्या डब्यांत मांडीवर बॅग आडवी ठेवून खेळणाऱ्या मंडळींतही वाशीची खाडी ओलांडण्यापूर्वीं एखादी हरकत निघतेच. परंतु आज ज्या तंट्याविषयीं मी बोलणार आहें तो निराळ्या जातीचा आहे. आणि त्यांत चुकलेला पंच मी स्वतःच असल्यामुळें त्याची हकीकत सांगण्याचा अधिकारही मला आहे.

गेल्या पावसाळ्यांतील एका रविवारीं नेरूळ येथें आमच्या घरीं माझा पुतण्या आणि खालच्या मजल्यावरील एक मुलगी 'मॅजिक: द गॅदरिंग' नांवाचा खेळ खेळत बसलीं होतीं. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचलेला हा खेळ १९९३ सालीं प्रथम बाजारांत आला. आपल्या ५२ पानांच्या कॅटाहून त्याची तऱ्हा वेगळी. येथें पानें हौसेनें जमवावयाचीं आणि त्यांतून प्रत्येकानें आपला कॅट स्वतः सिद्ध करावयाचा. बहुतेक पानांवर त्या त्या पानाचा स्वतंत्र कायदा छापलेला असतो. अशीं हजारों पानें आजवर निघालीं आहेत. त्यांतील कोणतीं दोन पानें समोरासमोर येऊन कोणता पेंच उभा राहील, हें खेळाच्या कर्त्यालाही आधीं सांगतां येणार नाहीं.

त्या दिवशीं मुलीचें एक अस्वल डावांत होतें. त्याचें बळ २ आणि सोसण्याची शक्तिही २ च. पुतण्यानें त्यावर 'लायटनिंग बोल्ट' हें विजेचें पान टाकलें. त्याचा तडाखा ३ चा. तें पडतांच मुलीनें 'जायंट ग्रोथ' हें पान पुढें केलें. त्या पानानें ती पाळी संपेपर्यंत अस्वलाचें बळ आणि शक्ति हीं दोन्ही ३ नें वाढतात.

"माझें पान आधीं पडलें, अस्वल केव्हांच मेलें!" पुतण्या म्हणाला.

"तें लागू होण्याआधीं मीं उत्तर दिलें आहे. काका, तुम्हीच सांगा," मुलगी म्हणाली.

मीं वर्तमानपत्र बाजूस केलें आणि, जो आधीं आला त्याचें काम आधीं, या तिकिटाच्या रांगेच्या न्यायानें अस्वल मारून टाकलें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिनें आपलीं पानें गोळा केलीं व ती निघून गेली. पुढचे दोन रविवार ती आली नाहीं.

तेव्हां कोठें मीं खेळाचे नियम वाचावयास घेतले. ते दोनशेंहून अधिक पृष्ठें भरतील इतके आहेत. पण त्यांचा गाभा थोडक्यांत सांगतां येतो.

पहिली गोष्ट अशी कीं, टाकलेलें असें पान लागलीच लागू होत नाहीं. तें एका चळतीवर ठेवलें आहे असें मानावयाचें. ही चळतीची पद्धति १९९९ सालीं नियमांत आली. घासलेल्या ताटांच्या चळतींतून शेवटीं ठेवलेलें ताट आपण प्रथम उचलतों, तसें शेवटीं टाकलेलें पान प्रथम लागू होतें. म्हणजे आधीं अस्वलाची शक्ति ५ झाली, नंतर वीज पडली आणि तिचे ३ त्यानें सोसले. उलट, मुलीनें आपलें पान आधीं टाकलें असतें आणि पुतण्यानें त्यावर वीज टाकली असती, तर अस्वल खरोखरच गेलें असतें. पानें तींच, क्रम बदलला कीं निकाल बदलतो.

दुसरी गोष्ट, सामान्य नियम आणि पानाचा शब्द यांत विरोध आला तर पानाचा शब्द खरा. एका पाळींत जमिनीचें एकच पान खेळावें असा नियम आहे. परंतु 'एक्सप्लोरेशन' हें पान आणखी एकाची मुभा देतें, आणि ती मान्य होते. आपल्या व्याकरणशास्त्रांत उत्सर्गाहून अपवाद बलवान मानतात, तोच हा न्याय.

तिसरी गोष्ट, एक पान 'करतां येतें' म्हणालें आणि दुसरें 'करतां येत नाहीं' म्हणालें, तर निषेध जिंकतो.

असे पेंच आपणांस नवे नाहींत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यांत १० रंगांचीं १२० गोल पानें असतात. राजा व प्रधान यांच्या खालीं पांच रंगांत दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पांचांत एक्का श्रेष्ठ. दिवसा खेळ रामाच्या राजानें उघडावयाचा, रात्रीं कृष्णाच्या. नवख्यास हा घोटाळा वाटेल. पण तेथें भांडण होत नाहीं, कारण कोणतें पान केव्हां मोठें हें डाव मांडण्यापूर्वींच ठरलेलें असतें. पान पडल्यावर जो नियम सुचतो तो बहुधा कोणा एकाच्या सोयीचा असतो.

या खेळाच्या मोठ्या सामन्यांत पंचाच्या निर्णयावर मुख्य पंचाकडे दाद मागतां येते, आणि त्याचा शब्द अखेरचा. घरांत मुख्य पंच नसतो. म्हणून घरच्या पंचानें आपली चूक आपणच शोधावी, हें उत्तम.

तिसऱ्या रविवारीं मी खालच्या मजल्यावर गेलों आणि मुलीला म्हणालों, "चूक माझी होती. तुझें अस्वल जिवंत होतें."

ती म्हणाली, "तें मला ठाऊक होतें, काका. पण तुम्हीं पान वाचलेंच नाहीं."

श्रोतेहो, हरल्याचें दुःख तिला नव्हतें. तिचें म्हणणें हातीं न घेतांच निकाल दिला गेला, हें तिला लागलें होतें. त्या दिवसापासून आमच्या घरीं एक रीत पडली आहे. ज्याला निवाडा हवा असेल त्यानें दोन्ही पानें प्रथम मोठ्यानें वाचून दाखवावयाचीं. स्वतःचें आणि समोरच्याचेंही. निम्मे तंटे त्या वाचनांतच मिटतात. उरलेल्यांसाठीं मी आतां चष्मा लावून बसतों.