अपुऱ्या दिवसांची बालके आणि उपकारक जीवाणू

तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडु हे गाव आहे. रामेश्वराच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसले राजांनी जी छत्रे उभारली, त्यांपैकी मुक्तांबाळ हिच्या नावाचे छत्र दुसरे सरफोजीराजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे बांधले. राज्यातील छत्रांचा कारभार कसा चाले, याचा वृत्तान्त राजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटास कळविला होता. वाटसरूंना अन्न, रुग्णांना वैद्य, तान्ह्या मुलांना दूध यांची तरतूद असे. छत्रात एखादी स्त्री प्रसूत झाली, तर तिचा खर्च भागवावा, तिला योग्य ते औषध द्यावे आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहू द्यावे, असा तेथील परिपाठ होता. औषध द्यायचे ते योग्य तेच आणि त्यानंतरही बाळ-बाळंतिणीवर नजर ठेवायची, ही दृष्टी आजच्या एका अगदी नव्या प्रश्नाकडे पाहतानाही उपयोगी पडते.

तो प्रश्न असा: अपुऱ्या दिवसांच्या बालकास जिवंत जीवाणू औषध म्हणून पाजणे कितपत सुरक्षित आहे?

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेली बालके अपुऱ्या दिवसांची समजली जातात. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लक्ष बालके जन्मास आली. त्यांपैकी सुमारे ३० लक्ष भारतातील होती. पूर्ण दिवसांच्या बालकाच्या आतड्यात आईकडून आलेले जीवाणू वस्ती करतात. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की, त्या बालकास स्वतःला पचत नाहीत. त्यांवर बिफिडोबॅक्टेरियम नावाचे उपकारक जीवाणू पोसले जातात. काचपेटीत ठेवलेल्या बालकाच्या वाट्यास मात्र नळीतून दिलेले दूध, प्रतिजैविके आणि रुग्णालयातील जंतू येतात. त्याच्या आतड्याचे अस्तर नाजूक असते. त्याचा दाह होऊन आतड्याचा काही भाग मृत होणे, हा नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस नावाचा रोग अशा बालकांचा मोठा शत्रू होय.

तेव्हा उपकारक जीवाणू, म्हणजेच प्रोबायोटिक, बाहेरून द्यावेत असा विचार पुढे येणे स्वाभाविकच होते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील १,०९९ बालकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात या रोगाचे प्रमाण शेकडा ४.४ वरून २ वर आले. परंतु इंग्लंडमध्ये तेराशेहून अधिक बालकांवर झालेल्या प्रयोगात दुसऱ्या जातीच्या जीवाणूचा काहीही लाभ दिसला नाही. तो निष्कर्ष २०१६ चा आहे. जीवाणू ही एकच वस्तू नव्हे. एका जातीचे गुण दुसरीस चिकटविता येत नाहीत, हा यातील पहिला धडा.

दुसरा धडा ओडिशाचा. तेथील खेड्यांत ४,५५६ नवजात बालकांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण त्यात शेकडा ९ वरून ५.४ वर उतरले. हे यश मोठे आहे. पण ही बालके किमान दोन किलो वजनाची आणि निदान ३५ आठवड्यांची होती. आठशे ग्रॅमच्या बालकास तोच हिशेब लावता येणार नाही.

कारण धोका तेथेच आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत एक किलोपेक्षाही कमी वजनाचे एक बालक रक्तातील जंतुसंसर्गाने दगावले. त्याच्या रक्तात सापडलेला जीवाणू त्यास पाजलेल्या प्रोबायोटिकातलाच होता, असे जनुकीय तपासणीत आढळले. २०१४ मध्ये तेथेच दुसरे एक बालक मरण पावले होते. त्या वेळी दोष जीवाणूंचा नव्हता, भुकटीत मिसळलेल्या घातक बुरशीचा होता. म्हणजे संकट दोन वाटांनी येते: कोवळे अस्तर ओलांडून मित्रच रक्तात शिरतो, किंवा मित्राच्या पुडीतून शत्रू आत येतो. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीची पारख औषधाइतकी कसोशीने होतेच असे नाही.

असे मृत्यू विरळा आहेत आणि रोगाने जाणारी बालके पुष्कळ, हेही विसरता कामा नये. म्हणूनच तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सरसकट वापरास पाठिंबा दिला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये, बत्तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या व मातेचे वा अन्य स्त्रीचे दूध घेणाऱ्या बालकांसाठी त्यांचा विचार करण्यास हरकत नाही, एवढेच म्हटले.

या वाक्यातील दुधाची अट महत्त्वाची आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बालकांसाठी. आधी दूध, स्वच्छ हात आणि आईची ऊब. त्यानंतर, पारखलेली जात, निर्भेळ पुडी आणि रात्रंदिवस लक्ष ठेवणारी परिचारिका असेल तरच जीवाणू. आईबापांनाही लाभ आणि धोका दोन्ही आधी समजावून सांगितले पाहिजेत. दुकानातून आणलेली पुडी घरी अशा बालकास देणे तर सर्वथा टाळावे. दुर्बळांना जे द्यायचे, ते अधिक पारखून द्यायचे असते.