चंदा कशासाठी द्यावा?



चंदा देण्यात आपण कधी मागे राहिलो नाही. शाळेची खोली असो, बोअरवेल असो, एखाद्याचे ऑपरेशन असो, झोळी फिरली की भरते. परंतु लोकांचे म्हणणे पुराव्यासह सरकारदरबारी मांडणाऱ्याचा खर्च कोण करतो, हे आपण कधी विचारतो काय?

2017 चा पावसाळा आठवा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली; वीसहून अधिक माणसे दगावली. शासनाने विशेष तपास पथक नेमले. केरळच्या ‘पॅन इंडिया’ या संस्थेनेही येथे येऊन ऑक्टोबर 2017 मध्ये स्वतंत्र अहवाल काढला. पुढे बाधितांची स्वतःची संघटना उभी राहिली आणि 2020 साली 51 बाधितांच्या वतीने थेट स्वित्झर्लंडमध्ये तेथील एका कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. कंपनीला आरोप मान्य नाहीत, हेही सांगितले पाहिजे. या कामात साथ देणारी तेथील ‘पब्लिक आय’ ही संस्था मुख्यत्वे सभासदांच्या वर्गणीवर चालते. म्हणजे आपल्या कपाशीतल्या मजुरासाठी वर्गणी भरली कोणी, तर स्वित्झर्लंडच्या नागरिकाने!

असे काम काही फुकट होत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, हे खरे. पण गावोगाव फिरणे, दवाखान्याचे कागद आणि दुकानाची बिले गोळा करणे, झेरॉक्स, नागपूरच्या खेपा आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी? यासाठी कोणी देणगीची पाटी लावत नाही.

मोठ्या देणग्यांनाही अटी असतात. कंपनी कायदा, 2013 अन्वये मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात; त्यातून वर्गखोल्या होतात, चांगलेच आहे. पण औषध विकणारी कंपनी विषबाधितांची मोजणी करावयास पैसे देईल, असे मला तरी वाटत नाही. परदेशी देणगीचा कायदा प्रथम 1976 साली, आणीबाणीत आला. 2010 साली त्याच्या जागी नवा कायदा झाला. 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेला दुसरीकडे वळता करता येत नाही. त्यामुळे शहरातील मोठ्या संस्थेकडून खेड्यातील समितीला तो मिळण्याची वाट बंद झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मात्र असा निर्वाळा दिला की, पक्षीय राजकारणाशी संबंध नसताना केवळ बंद-हरताळाला पाठिंबा दिला म्हणून संस्था राजकीय ठरत नाही.

पालकहो, आपल्या गावात अशी समिती असेल तर तिला वर्षाला शंभर रुपये वर्गणी द्या आणि पावती घ्या. धर्मादाय कार्यालयात तिची नोंदणी आहे काय, तेही पाहा. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला जमाखर्च लिहिता येतो. समितीची वही तुम्ही सांभाळा. वर्षअखेरीस तो हिशेब चावडीवर मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे वर्गणी देणाऱ्याला प्रश्न विचारता येतील.