वैमानिकाची जमिनीवरील परीक्षा

(चिखली येथे परिसरातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुकोबांचे टाळ आकाशातून या भूमीवर पडले, अशी येथील भाविकांची श्रद्धा आहे. म्हणूनच हे गाव टाळगाव चिखली या नावाने ओळखले जाते. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेती आणि कारखाना ही दोन्ही जीवने येथील घरांनी पाहिली आहेत. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी ‘मला वैमानिक व्हायचे आहे’ असे म्हणू लागली, की वडीलधारी मंडळी प्रथम खर्चाचा हिशेब मांडतात. तो मांडणे योग्यच आहे; कारण हा खर्च अनेक लाखांच्या घरात जातो आणि पुष्कळदा त्यासाठी जमिनीचा तुकडा किंवा राहते घर तारण पडते. परंतु या मार्गावर मुलाची खरी कसोटी कोठे लागते, याची माहिती फार थोड्यांना असते. ती कसोटी बव्हंशी जमिनीवर, अभ्यासाच्या मेजापाशी लागते.

परवान्याच्या अटी

भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत मिळाला. त्यानंतर विमाने बदलली, तसा वैमानिकाच्या अभ्यासाचा भारही वाढत गेला. आज व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. वैद्यकीय तपासणीत पात्र ठरावे लागते आणि किमान २०० तासांचे उड्डाण नोंदवावे लागते. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय असण्याची अट दीर्घकाळ चालत आली आहे. याखेरीज नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा असतात. हवाई नियम, हवामानशास्त्र, मार्गनिर्देशन, सर्वसाधारण तांत्रिक ज्ञान आणि विशिष्ट विमानाचे तांत्रिक ज्ञान असे त्यांचे विषय होत. प्रत्येक विषयात शेकडा ७० गुण मिळविणे आवश्यक असते. शिवाय रेडिओवरील संभाषणाची परीक्षा वेगळी. पस्तीस गुणांवर उत्तीर्ण होण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला या सत्तरीचा अर्थ नीट समजावून सांगितला पाहिजे.

पुस्तकातील ज्ञान आणि धावपट्टी

हे विषय केवळ पाठांतराचे आहेत, असा समज करून घेऊ नये. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फूट उंच आहे. प्रमाण वातावरणाच्या हिशेबाने तेथे तापमान ११ अंश सेल्सिअस असावयास हवे. एप्रिलच्या दुपारी ते ३९ अंशांवर गेले, की हवा विरळ होते आणि विमानाच्या दृष्टीने तीच धावपट्टी सुमारे सव्वापाच हजार फूट उंचीवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर असल्यासारखी होते. पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाची शक्ती घटते, जमीन सोडण्यास अधिक धाव लागते. हे गणित ज्याने केवळ गुणांपुरते केले, त्याला धावपट्टीचे शेवटचे टोक समोर दिसू लागल्यावर ते शिकावे लागेल. आणि तेव्हा वेळ उरलेला नसतो.

मार्गनिर्देशनाचेही तसेच आहे. पूर आलेल्या इंद्रायणीत पोहणारा माणूस पैलतीरावरच्या घाटाकडे सरळ तोंड करीत नाही. प्रवाह किती ओढील याचा अंदाज घेऊन तो वरच्या अंगाला रोख ठेवतो. वैमानिक वाऱ्याबाबत हेच करतो. फक्त तो अंदाज अंशांत आणि मिनिटांत मांडतो. साठ मैलांच्या वाटचालीत एक अंशाची चूक झाली, तर विमान सुमारे एक मैल बाजूला जाते. वळवाच्या ढगाखालून सुटणारा सोसाट्याचा वारा आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. तो का सुटतो आणि उतरणाऱ्या विमानाला तो घातक का ठरतो, हे हवामानशास्त्र सांगते. आपल्या मुलांजवळ निरीक्षणाचे भांडवल आहे. त्याला शास्त्राची जोड हवी आहे.

उड्डाण आणि अभ्यास यांचा मेळ

प्रशिक्षण सुरू झाले, की विद्यार्थ्याचा दिवस विमानाच्या वेळापत्रकाला बांधला जातो. सकाळची हवा शांत असते, म्हणून पहाटे उठून मैदानावर हजर राहावे लागते. कधी ढग खाली असतात, कधी विमान दुरुस्तीला गेलेले असते, कधी आपली पाळीच येत नाही. तासभराच्या उड्डाणासाठी अर्धा दिवस जातो आणि सायंकाळी थकलेल्या डोळ्यांपुढे पुस्तक उघडावे लागते. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उड्डाण खोळंबते. ज्याला वेळेची शिस्त आहे, तो ही सक्तीची विश्रांती अभ्यासासाठी वापरतो. ज्याला ती नाही, त्याचे दिवस वाट पाहण्यातच संपतात. लेखी परीक्षा रखडली, तर उड्डाणाचे तास पूर्ण होऊनही परवाना हाती येत नाही आणि घरी कर्जाचे व्याज मात्र चालूच राहते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी वैद्यकीय तपासणी, त्यानंतर लेखी परीक्षांपैकी शक्य तितक्या पदरात पाडून घेणे, आणि मगच उड्डाणाच्या मोठ्या रकमेस हात घालणे, हा मार्ग सामान्य कुटुंबास सुरक्षित होय. अभ्यासाचा खर्च उड्डाणाच्या मानाने अल्प असतो, आणि आपल्या मुलाची चिकाटी किती हे त्यातून वेळीच कळते. एखाद्या विषयात अपयश आले, तर पुन्हा बसता येते. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. परवाना म्हणजे नोकरीची हमी नव्हे आणि मोठ्या विमानाचे प्रशिक्षण पुढे वेगळे घ्यावे लागते, हेही पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपण काय करावे?

शिक्षकांनी आठवी-नववीपासूनच गणित, भूगोल व इंग्रजी यांचा पाया पक्का करावा. परीक्षा आणि आकाशातील संभाषण इंग्रजीत होते; परंतु मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने संकल्पना मातृभाषेत समजून घेतली, तर पुढे परिभाषा आत्मसात करणे अवघड जात नाही. ग्रामपंचायतींनी वाचनालयात रात्री उशिरापर्यंत दिवा आणि बसण्यास जागा उपलब्ध करून दिली, तरी मोठे काम होईल. नागपूर, गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर येथील वैमानिक प्रशिक्षणाची माहिती तेथे लावावी. नागपूर फ्लाइंग क्लबच्या साहाय्याने ‘महाज्योती’ संस्थेने इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी जी प्रशिक्षण योजना हाती घेतली, तशा योजनांची चौकशी पालकांनी कर्ज काढण्यापूर्वी करावी. आणि ही वाट मुलींनाही तितकीच मोकळी आहे, हे विसरू नये. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सच्या, सर्व कर्मचारी महिला असलेल्या विमानाचे नेतृत्व केले होते.

प्रवासी विमानात बसतो तो वैमानिकाचे गुणपत्रक पाहून नव्हे, विश्वासाने बसतो. त्या विश्वासास पात्र होण्याची तयारी अशाच एखाद्या गावातील शाळेत, फळ्यावरच्या साध्या त्रैराशिकापासून सुरू होते. ते त्रैराशिक नीट शिकविणे आपल्या हातात आहे.