आठवणीचा आधार

देहू आणि आळंदी यांच्या मधे, इंद्रायणीकाठी आपले निघोजे. इथल्या भजनांत गजेंद्र, प्रल्हाद, द्रौपदी येतात ते नुसत्या स्तुतीसाठी नव्हे. त्यांच्यासाठी धावलास, मग मलाच उशीर का, असा तो हक्काचा सवाल असतो.

बायबलमधील स्तोत्रांचीही रीत हीच. ७७व्या स्तोत्रातला भक्त रात्रभर तळमळतो; देव आपल्याला विसरला की काय, असे त्याला वाटते. मग मिसरच्या दास्यातून सुटलेल्या पूर्वजांना समुद्राने दिलेली वाट तो आठवतो. त्याचे स्वतःचे संकट टळले की नाही, हे स्तोत्र सांगतच नाही. तिथे आठवण हाच आधार.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्तभक्ती ओवी-अभंगांत गायली. मराठी कानाला ही आर्तता ओळखीचीच होती.