भिंतीआडचा इतिहास
(महोत्सवाच्या सभेंत पिपरी मेघे येथील एका विद्यार्थिनीनें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं रोगाचा विषय कां, असें कोणी विचारील. परंतु वर्ध्याच्या या भूमींत कुष्ठरोग्यांच्या सेवेचा मोठा इतिहास घडला आहे. 1936 सालीं विनोबांच्या प्रेरणेनें मनोहरजी दिवाण यांनीं दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलें. सेवाग्रामांत महात्माजींनीं परचुरे शास्त्र्यांना आश्रय देऊन स्वहस्तें त्यांची शुश्रूषा केली. मी इतिहासाच्या अभ्यासाला लागलें, तेव्हां मनांत प्रश्न आला: सेवा करणाऱ्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, ज्यांची सेवा झाली, त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोठें आहेत?

त्या प्रश्नानें मला 1898 च्या कुष्ठरोग्यांच्या कायद्यापाशीं नेलें. त्यांत 'कंगाल कुष्ठरोगी' अशी व्याख्या आहे: उघडपणें भीक मागणारा, किंवा उपजीविकेचें साधन नसतां भटकणारा. अशालाच पोलिसांनीं धरावें, तपासणीनंतर मॅजिस्ट्रेटनें आश्रमांत धाडावें. घरदार असलेल्या रोग्यास हें कलम लागत नसे. जंतु तर गरीब-श्रीमंत पाहत नाहीं! कोंडणें हा केवळ वैद्यकाचा विषय नसून दारिद्र्याचाही आहे, हें तेव्हां उमगलें. आणि याच शोधाला कांहीं वर्षें द्यावीं, असें मीं ठरविलें.

1981 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. हा उपचार सुरू झाल्यावर थोड्याच अवधींत रोग्यापासून संसर्गाचें भय उरत नाहीं. तरी तो जुना कायदा संसदेनें रद्द केला तो 2016 सालीं. औषध शरीरापर्यंत पोंचलें. समाजाच्या भयापर्यंत पोंचावयास त्याला फार काळ लागला.

1873 सालीं मोलोकाई बेटावर गेलेले संत डेमियन रोग्यांतच राहिले आणि 1889 सालीं त्याच रोगानें त्यांनीं देह ठेविला. त्यांना आपण वंदितों. पण ते रोगी तेथें सरकारी सक्तीनें आणलेले होते, हेंही त्याच कथेंत आहे. प्रभु येशूनें कुष्ठरोग्यास स्पर्श केला, बरें केलें आणि याजकाकडे धाडिलें. म्हणजे त्याला समाजांत पुन्हां स्थान मिळावें. भाकर आणि बिछाना देणें ही दया. परतीची वाट मोकळी करणें हा न्याय होय.

म्हणून वडील मंडळींस माझी विनंति आहे. आपल्या घराण्यांतील कोणी आश्रमांत गेलें असेल, कोणी अपंग म्हणून माजघरांतच राहिलें असेल, तर त्यांची आठवण सांगा. संमतीवांचून मी कोणाचेंही नांव लिहिणार नाहीं. परंतु त्यांचे श्रम, त्यांचे रुसवे, त्यांच्या प्रार्थना यांवांचून आपल्या धर्मग्रामाचा इतिहास अपुरा आहे. प्रभु त्यांना विसरलेला नाहीं. आपणही विसरूं नये.