आराखडा एका टेबलावर, निर्णय दुसऱ्याच टेबलावर

मुंबई महानगरपालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि शहराचा हवामान कृती आराखडा १३ मार्चला जाहीर झाला. २०५० पर्यंत शहराला दिशा देणारा हा दस्तऐवज लोकांपुढे आला, तेव्हा त्यावर बोलायला सभागृहच उरले नव्हते. पुढची जवळजवळ चार वर्षे प्रशासकाची गेली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता २२७ नगरसेवक पुन्हा बाकांवर आहेत आणि या आराखड्याचा आढावा घेण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. हा आढावा आराखड्यात लिहिलेल्या कामांपुरता राहिला तर तो वाया जाईल, असे माझे ठाम मत आहे. पालिकेच्या बाकीच्या निर्णयांना त्याची कसोटी लागली पाहिजे, आणि जो निर्णय कसोटीला उतरत नाही तो बदलण्याचा अधिकार सभागृहाने वापरला पाहिजे.

असे म्हणण्याला मुंबईच्याच इतिहासाचा आधार आहे. पर्जन्य जलवाहिन्या सुधारण्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये तयार झाला. ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेणाऱ्या जुन्या व्यवस्थेची क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत वाढवा, समुद्राला भरती असतानाही पाणी बाहेर फेकता यावे म्हणून आठ उदंचन केंद्रे उभारा, असे त्यात सांगितले होते. अहवालात खोट नव्हती. त्याची बहुतेक कामे मात्र कागदावरच राहिली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शेकडो माणसे गेली, आणि मग त्या अहवालावरची धूळ झटकली गेली. त्यानंतरही आठांपैकी मोगरा आणि माहुल ही दोन केंद्रे वर्षानुवर्षे जागेच्या प्रश्नात अडकली. इतका पाऊस कोणत्याच गटारात मावला नसता, हे खरे. पण मधल्या बारा वर्षांत मिठी नदीचे पात्र आवळले गेले, खाडीकाठी भराव पडले, आणि हे निर्णय घेणाऱ्यांना तो अहवाल कोणी पुढे करून दाखवला नाही. आराखडा एका टेबलावर आणि निर्णय दुसऱ्याच टेबलावर, अशी ही रीत आहे.

आजच्या आराखड्याचे तसेच होण्याची चिन्हे वाहतुकीत स्पष्ट दिसतात. २०१९ च्या मोजणीनुसार मुंबईचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन वर्षाला सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. त्यात वाहतुकीचा वाटा सुमारे वीस टक्के. आराखडा २०३० पर्यंत एकूण उत्सर्जन तीस टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवतो आणि सार्वजनिक वाहतुकीवर भर देतो. आता शहराची बससेवा चालवणाऱ्या बेस्टकडे पाहा. स्वतःच्या ३,३३७ बस कायम ठेवण्याचा करार २०१९ मध्ये झाला होता. हा स्वतःचा ताफा पुढे हजाराच्याही खाली गेला. भाड्याच्या बस आल्या, त्यांत विजेवरच्याही आल्या, पण ठेकेदारांनी अंग काढून घेतले की त्या रस्त्यावरून गायब होतात. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले. पाच किलोमीटरसाठी दुप्पट पैसे मोजून अर्धा तास थांब्यावर उभा राहणारा माणूस शेअर रिक्षा पकडतो, जमल्यास हप्त्यावर दुचाकी घेतो. बेस्टला तूट भरून किती पैसे द्यायचे हा प्रश्न अंदाजपत्रकाच्या चर्चेत जमाखर्चाचा म्हणून येतो. तो हवामानाचा प्रश्न म्हणून आला पाहिजे, कारण आराखड्यातले वाहतुकीचे उद्दिष्ट तिथेच गाठले जाते किंवा हुकते.

निसर्गाच्या बाबतीत विसंगती आणखी उघडी आहे. हरित क्षेत्र आणि जैवविविधता हा आराखड्याच्या सहा विभागांपैकी एक, आणि पूर हा दुसरा. त्याच पालिकेच्या वर्सोवा ते भाईंदर सागरी किनारा रस्त्यासाठी सुमारे नऊ हजार तिवरे कायमची तोडली जाणार आहेत. न्यायालयाची परवानगी मिळाली आहे, भरपाईची झाडे लावण्याची अटही आहे. पण या वनीकरणाचा एक भाग चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तिथे उगवलेले सागवान चारकोपच्या खाडीतली भरती अडवणार नाही, कोळ्याच्या जाळ्यात येणाऱ्या कोळंबीला आसरा देणार नाही. रस्ता नकोच असे मी म्हणत नाही. वृक्षसंख्येची बेरीज जुळली की निसर्गाचा हिशेब जुळला, ही समजूत सभागृहाने मान्य करू नये, एवढेच म्हणतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की उत्सर्जनाचा सुमारे ७२ टक्के भाग ऊर्जेचा आहे आणि वीज कोळशापासून करायची की उन्हापासून, हे पालिका ठरवत नाही. ट्रॉम्बे आणि डहाणूची औष्णिक केंद्रे खासगी कंपन्यांची, धोरण राज्याचे आणि केंद्राचे. हे मान्य केलेच पाहिजे. पण शहर भागात वीज वितरित करणारी बेस्ट पालिकेचाच उपक्रम आहे, आणि नव्या इमारतीचा एकेक नकाशा पालिकेच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. पुनर्विकासात आज उभा राहणारा मनोरा पन्नास वर्षे वातानुकूलन यंत्रावर जगणार की वाऱ्यावर, हे त्या सहीच्या वेळी ठरते. दुसरा आक्षेप जगातल्या मोठ्या प्रदूषकांकडे बोट दाखवतो: मुंबईने उत्सर्जन घटवून काय होणार? उत्सर्जनापुरता तो विचारात घेता येईल. पण गोवंडीत पत्र्याच्या छपराखाली मे महिना काढणाऱ्या बाईला हवी असलेली सावली आणि पाणी अमेरिकेने उत्सर्जन कमी केल्याने पुढच्या उन्हाळ्यात मिळणार नाही. ते पालिकेनेच द्यायचे आहे.

तिसरा आक्षेप प्रशासनातून येईल: जून २०२४ पासून पालिका स्वतंत्र हवामान अंदाजपत्रक अहवाल काढते, त्यातल्या पहिल्या अहवालात सुमारे दहा हजार कोटी रुपये दाखवले होते, मग आणखी काय हवे? देशात फार थोड्या शहरांनी हे केले आहे, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र त्या अहवालात हवामानाला पूरक खर्चाची नोंद होते. विरुद्ध जाणाऱ्या खर्चाचा रकाना त्यात हवा आहे. नाले आणि सांडपाणी प्रक्रियेची कामे आवश्यकच आहेत, पण आराखडा नसता तरी ती करावीच लागली असती. खरी परीक्षा ज्या कामामुळे उत्सर्जन वाढते किंवा पाणथळ जागा जाते त्या कामाची.

यासाठी नवा कायदा लागत नाही. पर्यावरण सद्यस्थिती अहवाल दर वर्षी सभागृहापुढे ठेवणे आयुक्तांवर आजही बंधनकारक आहे. स्थायी समितीपुढे येणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रस्तावाला, आर्थिक भाराच्या परिच्छेदाखालीच, हवामानभाराचा एक परिच्छेद जोडावा आणि तो नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. प्रभाग समित्यांनी आपल्या विभागातले तापणारे आणि तुंबणारे भाग नावानिशी सांगावेत. या वर्षीचा अहवाल पटलावर येईल तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाने त्यावर काय विचारले, हे तुम्ही श्रोत्यांनी त्याला विचारावे.